राखवाटेचा मधला भाग

९ जानेवारी

बोलायला कोणी उरलं नाही म्हणून लिहायला बसले आहे. मिस्त्रीशी बोलायला गेलं की तो संगणकाकडे तोंड करून "हं, हं" करतो. रंगारीशी बोललं की तिचे डोळे भरून येतात. आणि आरशाशी गप्पा मारण्याइतकी मी अजून बिघडलेली नाही. आम्ही तिघंच आहोत. मिस्त्री प्रोग्राम लिहितो, रंगारी चित्रं काढते, खेळाचे नियम आणि गोष्ट माझ्याकडे. चार वर्षं झाली, आम्ही एकच व्हिडिओ गेम करतोय: 'राखवाट'. मार्चअखेर तो बाजारात जाणार. चालला नाही तर प्रकाशक अंग काढून घेणार आणि या दोन खोल्यांना कुलूप लागणार. मला दुसरं काही येत नाही. हा विनय नाही, खरंच येत नाही.

हा आठवडाभर मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत परक्यासारखा खेळून पाहिला. चांगलं काय? सूर्य विझलेल्या देशातून ढालकरी, चोर, चेटकी आणि वैदीण असे चौघं जण एक निखारा जपत निघतात, हे मला अजून आवडतं. लढाई पाळीपाळीने होते. आधी आपले चौघे एकेक चाल करतात, मग शत्रू. शत्रू पुढे काय करणार हे आधीच दिसतं, त्यामुळे हरलात तर नशिबाला बोल लावायची सोय नाही. आणि वैदीण दुसऱ्याला बरं करते ते स्वतःच्या आयुष्यातून काढून देऊन. चार वर्षांत मला सुचलेलं तेवढं एकच शहाणपणाचं.

वाईट काय? मेनूच्या पोटात मेनू, त्याच्या पोटात आणखी एक. ढालकऱ्याचे विनोद, जे मीच लिहिलेत. आणि मधला भाग. दलदलीत शिरल्यावर खेळ लांबतो की मलाच तसं वाटतं, ते कळत नाही. इतकी वर्षं एकाच भिंतीकडे बघत बसल्यावर ती सरळ आहे की वाकडी हे कोण सांगणार?

१२ जानेवारी

दादाकडे जाऊन आले. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात त्याची हयात गेली. एकेका दाताची कड घासून अशी बसवायचा की खुद्द दंतवैद्य फसावेत. गेल्या वर्षापासून घरी बसलाय. विचारलं तर म्हणतो डोळे थकले. मला वाटतं मालकाशी वाजलं असणार, पण तो कबूल करायचा नाही.

आमचा खेळ घरी बसून तपासणारे डझनभर लोक आहेत, त्यात दादा एक. आणि सगळ्यांत हावरा. सकाळी नाश्ता झाला की बसतो तो दिवे लागेपर्यंत.

"तुझा खेळ सभ्य आहे गं," म्हणाला. "आपली चाल होईपर्यंत समोरचा उभा राहतो. बाकीचे सगळे नुसते अंगावर येतात."

मी म्हटलं, हे जाहिरातीत टाकते. तो हसला. दाढी वाढवलीय. शोभत नाही हे सांगितलं. जेवताना वहिनी त्याच्या ताटातलं कापून देत होती, चहासुद्धा अर्धाच कप ओतून देते. लाडावून ठेवलाय नुसता.

जेवणानंतर त्याच्यामागे बसून त्याचा खेळ पाहिला. आमचा नियम असा की खेळ करणाऱ्याने मागे बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. खेळणारा कुठे अडतो ते गुपचूप पाहायचं. पण दादा एका चालीला इतका वेळ लावतो! वैदिणीची पाळी आली आणि हा पुतळ्यासारखा. मला राहवेना. "झोपलास का?" म्हटलं.

"विचार करतोय," म्हणाला.

ठीक आहे. खेळ विचार करायला लावतो, ही एक जमेची बाजू. निघताना वहिनी दारापर्यंत आली, म्हणाली, "तुझ्याशी जरा बोलायचं होतं." तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला, खेळातला आवाज अर्धा गायब झालाय म्हणून. मी पळाले.

२० जानेवारी

आज आकडे आले.

खेळणारा प्रत्येक चालीला किती थांबतो हे यंत्र आपोआप टिपून ठेवतं. कोण खेळतंय ते मात्र आम्ही पाहत नाही. ही मिस्त्रीची शिस्त. "नाव दिसलं की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की आपण त्याच्यासाठी सबबी शोधतो," असं त्याचं म्हणणं. म्हणून सगळ्यांचं एकत्र करून सरासरी काढायची.

सुरुवातीला सगळं ठीक. दलदल आली की सरासरी चढत जाते आणि शेवटपर्यंत खाली येत नाही. लोक थांबतात. चाल करायची सोडून नुसते बसून राहतात.

"कंटाळा," मिस्त्री म्हणाला. एवढा एकच शब्द. मग पुन्हा संगणकाकडे वळला.

प्रकाशकाच्या माणसाला आम्ही साखरतोंड्या म्हणतो. त्याला हे आकडे जातातच. त्याचा फोन आला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका हं. पण लोक मधेच उठून फोन बघत असणार. कथा उत्तमच आहे तुमची. फक्त मेलेली आहे." हे तो ज्या मायेने म्हणाला, त्याला तोड नाही.

गंमत म्हणजे लेखी अभिप्रायांत कंटाळा आला असं एकानेही म्हटलेलं नाही. एकाने तर दलदलच सगळ्यांत छान असं लिहिलंय. लोकांना आमची कीव येते, दुसरं काय. तोंडावर कोण खरं बोलतं? आकडे बोलतात.

रंगारीने त्या दलदलीतली एकेक वेलही वेगळी काढलीय. तिला काय सांगू?

२१ जानेवारी

रडले. बाकी काही नाही.

२५ जानेवारी

सापडलं! चार दिवस सुतकात काढल्यावर आज दात घासता घासता सापडलं.

वाळू. प्रत्येक चालीला डोक्यावर वाळूचं घड्याळ. वाळू संपायच्या आत चाल करा, नाहीतर पाळी गेली. आणि दलदलीत एक नवा शत्रू, वाळूचोर, जो तुमची वाळूच खातो. थांबायला जागाच ठेवायची नाही. मिस्त्रीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्याच्या हिशेबात तो नाचलाच. साखरतोंड्याला तर शब्द सुचेनात, हे प्रथमच.

फक्त रंगारी कुरकुरली. "पण थांबणं हेच आपलं होतं ना? धावायला लावणारे खेळ ढीगभर आहेत."

मी तिच्यावर खेकसले. थांबून थांबून आपण कुठे पोचलोय ते बघ म्हटलं. तिने घड्याळ काढायला घेतलं. सुंदर काढलंय, वाळूचा कण न् कण दिसतो.

६ फेब्रुवारी

नवा खेळ तपासायला पाठवून आठवडा झाला. सरासरी धाडकन खाली! दलदलीतसुद्धा. विश्वास बसेना म्हणून मिस्त्रीकडून दोनदा काढून घेतली. तो म्हणाला, एक जण गळला, पहिल्याच दिवशी दोन-तीन लढाया हरून खेळ सोडला, परत आलाच नाही. डझनभरात एक गळणारच. त्याच्यासाठी कुठे सुतक पाळायचं?

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चार वर्षांनंतर खेळ जगणार की नाही हे एका घड्याळाने ठरवावं, म्हणजे मी केलेलं बाकी सगळं काय लायकीचं होतं?

दादाला फोन केला, वाळू कशी वाटली म्हणून. म्हणाला, डोळ्यांना त्रास होतोय, सध्या खेळत नाही. त्याला विचारल्याशिवाय बदल केला म्हणून फुगलाय. लहानपणापासून असाच आहे. भांडत नाही, नुसता बाजूला होतो.

१५ फेब्रुवारी

दादाकडे मुद्दाम गेले, रुसवा काढायला. त्याच्या मांडीवर शाल होती आणि दोन्ही हात शालीखाली. खोलीत थंडी नव्हती. म्हातारपणाचं नाटक पन्नाशीपासूनच सुरू केलंय वाटतं.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "एका चालीला किती वेळ असतो गं आता?"

"धडधाकट माणसाला पुरेल इतका."

"त्या वाळूचं काही करता येईल का? म्हणजे थोडी सावकाश पडेल असं वगैरे."

झालं. मी त्याला अर्धा तास ऐकवलं. सरासरी काय असते, लोक कसे कंटाळतात, प्रकाशक काय म्हणाला, कुलूप लागलं तर मी कुठे जाऊ. एकाच्या सोयीसाठी सगळा खेळ मारायचा का, असंही म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"नाही नाही, चांगलीच आहे वाळू," म्हणाला. "मला आपलं वाटलं. तुझा खेळ चालला पाहिजे, बास."

स्वयंपाकघरात वहिनीने भांडं इतक्या जोरात आदळलं की मी दचकले. "वहिनी, काय झालं?" म्हटलं, तर दुसरं भांडं आदळलं. त्या घरात सगळेच माझ्यावर चिडलेत. खेळ बुडला तर यांना बरं वाटेल की काय?

२६ मार्च

बाजारात गेला. दिवसभर लोकांची मतं वाचत बसले, जीव मुठीत धरून.

बरी आहेत. बऱ्यापेक्षा चांगलीच आहेत. मेनूला सगळ्यांनी शिव्या घातल्यात. ढालकऱ्याच्या विनोदांवर एकाने स्वतंत्र परिच्छेद खर्च करून त्यांची सालं काढलीत. वैदिणीबद्दल दोन ओळी बऱ्या आल्या. पण सगळे जिच्यावर लट्टू आहेत ती वाळू. "या प्रकारच्या खेळांत खेळाडू आरामात बसून राहतो, राखवाट त्याला बसू देत नाही." असं एका मोठ्या समीक्षकाने लिहिलंय. साखरतोंड्याने तेच वाक्य जाहिरातीवर चढवलं.

म्हणजे खेळ जगला. कुलूप लागणार नाही. मी आतून रिकामी का आहे, ते मलाच सांगता येत नाही. संध्याकाळी रंगारीने विचारलं, "तुला आवडतो का आपला खेळ?" मी म्हटलं, झोप येतेय.

२८ मार्च

आज कचेरीत लोक बोलावले होते. खेळ तपासणारे, प्रकाशकाकडचे, ओळखीचे, तीसेक तरी. भिंतीवर खेळाचं मोठ्ठं चित्र टाकलं होतं. दादा आणि वहिनी आले. दादा कोपऱ्यातली खुर्ची धरून बसला, कोट अंगावरच.

मी सगळ्यांसमोर म्हटलं, हा माझा दादा, राखवाटेचा पहिला खेळाडू, आता तो खेळून दाखवेल. वहिनी लगेच मधे पडली, "त्यांना नको, बरं वाटत नाहीये." पण लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आज तरी रुसवा सोड. त्याला ओढत आणून बसवला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

वाळू सुरू झाली. तो नुसता बघत बसला. ढालकऱ्याची पाळी गेली. लोक हसले, प्रेमाने हसले. चोराची गेली. मी म्हटलं, "दादा, वरचं बटण." चेटकीची गेली. "अरे दाब ना! दाब की!" त्याचा अंगठा बटणावरच होता, मी बघत होते ना! नुसता ठेवून बसला होता. दाबतच नव्हता. शत्रूने एकेकाला झोडपलं. शेवटी वैदीण एकटी उरली, तिचीही वाळू संपली.

दादा हसून म्हणाला, "आमच्यासारख्यांचं काम नाही बुवा हे." लोकांनी पुन्हा टाळ्या दिल्या.

चारचौघांत शोभा केली माझी. मुद्दाम केलं. एवढा राग होता तर आला कशाला?

२९ मार्च

सकाळी वहिनी एकटी कचेरीत आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"तुला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं," म्हणाली. "खेळ बाहेर पडेपर्यंत तिच्या डोक्याला घोर नको म्हणाले. आता पडला ना बाहेर?"

दादाच्या हातांच्या नसा मरताहेत. वर्षाच्या वर झालं. काम त्यामुळेच सुटलं, डोळ्यांमुळे नाही. कवळी हातातून पडायला लागली. आधी डावा हात गेला. मग उजव्याची बोटं.

"अंगठा तेवढा राहिला होता," वहिनी म्हणाली. "दिवसभर तो एक अंगठा घेऊन तुझा खेळ खेळायचे. एक बटण दाबायला किती वेळ लागायचा, मला बघवायचं नाही. पण दाबायचे. लढाई जिंकली की मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवायचे. कपड्याची बटणं मी लावते, घास मी भरवते. पण तिथे ते कोणाच्या जिवावर नव्हते."

मी विचारलं, "मग मला विचार करतोय म्हणून का सांगितलं?"

"तू झोपलास का म्हणून विचारलं होतंस," वहिनी म्हणाली.

डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं. दुखणं हातांतून वर चढत जाणार म्हणतात. ती गेल्यावर मी जिन्यात बसून राहिले. काल मी काय काय ओरडले ते सगळं कानात वाजत होतं.

३० मार्च

मिस्त्रीला म्हटलं, जानेवारीचे आकडे नावांसकट दाखव. त्याने नियमाचं काही काढलं नाही. दाखवले.

थांबणारा माणूस एकच होता. बाकीचे दलदलीतसुद्धा सुरुवातीसारखेच पटापट खेळत होते. पण ते येऊन-जाऊन खेळणारे, आणि दादा रोज दिवसभर. इतर सगळ्यांच्या मिळून झाल्या नसतील इतक्या चाली त्याच्या एकट्याच्या. आणि नेमका त्याच महिन्यात तो दलदलीत पोचला होता, हात आणखी गेलेले असताना. मधला भाग कधी लांबलाच नव्हता. माझ्या भावाचा अंगठा खाली जायला जो वेळ लागत होता, त्याला आम्ही कंटाळा म्हटलं आणि त्यावर औषध काढलं. गळला तोही तोच.

"मी नावं बघायला हवी होती," मिस्त्री म्हणाला. इतकं मोठं वाक्य तो सहसा बोलत नाही.

मी म्हटलं, "नावांची काय गरज होती? मी त्याच्यामागे बसून बघत होते."

२ एप्रिल

साखरतोंड्याला सांगितलं, ज्याला वाळू नको त्याला ती काढता आली पाहिजे. म्हणाला, "ताई, जाहिरातच वाळूची आहे हो. आता काढलीत तर लोक म्हणतील यांचाच विश्वास नाही." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाला, मेनूत कुठेतरी टाका, पण गाजावाजा नको.

मिस्त्रीने दुपारी घेतलं आणि चहाच्या आत केलं. एवढंच काम होतं. फेब्रुवारीत दादाने विचारलं तेव्हाही एवढंच होतं. या विचाराने मला अन्न जात नाही. खेळ रोज खपतोय, आणि तो बंद पडावा असं मला मनापासून वाटतंय.

५ एप्रिल

बिनवाळूचा खेळ घेऊन दादाकडे गेले. माफी मागायची असं वाटेत चार प्रकारे ठरवलं होतं. एकही प्रकार आठवला नाही. त्याच्या पायाशी बसले आणि रडले. तो म्हणाला, "अगं, लोकांना आवडला ना? मग झालं तर." डोक्यावर हात ठेवायला त्याने खांदा पुढे केला. हात आला नाही, मीच डोकं पुढे नेलं.

मग खेळ लावला. कंट्रोलर उशीवर ठेवून त्याचा अंगठा मी बटणावर नेऊन ठेवला. या खेपेला मागे नाही, शेजारी बसले. वैदिणीची पाळी. शत्रू उभा. काही धावत नव्हतं, काही संपत नव्हतं. दादा अंगठ्याकडे बघत होता. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. बाहेर दोन बस येऊन गेल्या. मी एक शब्द बोलले नाही.

"राहू दे गं," शेवटी म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी जमलं असतं."

मला वाटलं तिथेच मरून जावं.

"तू खेळ," म्हणाला. "मी सांगतो."

मग मी बटणं दाबू लागले. चोराला मागे घे, म्हणाला. घेतला. वैदिणीला जप, तिचं फार खर्च करू नकोस. जपलं. दोन लढाया जिंकलो. मी उगाच ओरडले, वहिनीला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. दलदल सुरू झाल्यावर त्याचं सांगणं कमी कमी होत गेलं. वळून पाहिलं तर तो खिडकीबाहेर बघत होता, कोणाच्या तरी घरी, निघायची वेळ होऊनही, अवघडून बसल्यासारखा.

"दादा, कंटाळलास?"

"छे गं," म्हणाला. मग माझं मन राखत, अगदी हळू म्हणाला, "मधला भाग जरा लांबतो, नाही का?"

मी हो म्हटलं आणि पुढची चाल केली.